शिलेदार ते ‘सिलादार’ : एका कालबाह्य इंग्रजी शब्दाचा इतिहास

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गाव निजामी राजवटीत मोमिनाबाद या नावाने ओळखले जात असे. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या घोडदळाची तेथे छावणी होती. अशा घोडदळासाठी इंग्रजीत ‘सिलादार’ ही संज्ञा रूढ होती. आज इंग्रजीत हा शब्द केवळ इतिहासग्रंथांत उरला आहे. मराठीतील ‘शिलेदार’ मात्र नित्य वापरात आहे. या दोन भिन्न गतींची कारणे लष्करी अर्थव्यवस्थेत सापडतात.

व्युत्पत्ती व अर्थ :
अरबी ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. त्यास फार्सी ‘दार’ हा प्रत्यय लागून ‘सिलाहदार’, म्हणजेच शस्त्रधारी, हा शब्द बनला. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिरास घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई. अशा रीतीने शस्त्रावरून पडलेले नाव मराठीत घोड्याच्या मालकीचे निदर्शक ठरले. इंग्रजांनी हाच अर्थ स्वीकारला. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ‘सिलादार’ची नोंद आढळते. स्वाराप्रमाणेच संपूर्ण रेजिमेंटलाही हे विशेषण लावले जाई.

वापर व व्यवस्था :
१८५३ च्या तहान्वये कंटिन्जंटच्या खर्चासाठी निजामाने वऱ्हाडचा महसूल इंग्रजांकडे सोपविला. सिलादार पद्धतीत भरती होणारा स्वार घोड्यापोटी ठरावीक रक्कम रेजिमेंटकडे जमा करी. तीस ‘असामी’ म्हणत. वेतन इतरांपेक्षा अधिक असले तरी घोडा, दाणावैरण व पोशाख यांचा भार त्यातूनच सोसावा लागे. सरकारचा खर्च वाचे; घोडा हे मात्र स्वाराचे भांडवल असल्याने तो दगावल्यास त्याच्या उपजीविकेवरच घाला येई. ही जोखीम वाटून घेण्यासाठी स्वारांच्या वर्गणीतून ‘चंदा’ निधी उभारला जाई.

ऱ्हास :
१९०३ मध्ये कंटिन्जंट भारतीय लष्करात विलीन झाली. तिच्या परंपरेतील डेक्कन हॉर्स या रेजिमेंटने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत घोड्यांवरून चढाई केली. परंतु दूरदेशीच्या दीर्घ युद्धात घोड्यांची भरपाई स्वारांच्या ऐपतीवर व वर्गणीवर होणे अशक्य ठरले. युद्धानंतर ही पद्धत बंद झाली आणि तिच्याबरोबर इंग्रजी शब्दही मागे पडला.

निष्कर्ष :
इंग्रजीत ‘सिलादार’ ही प्रशासकीय संज्ञा होती. व्यवस्था संपताच तिचे प्रयोजन संपले. मराठीत ‘शिलेदार’ला निष्ठा व पराक्रम यांचा अर्थ चिकटला, म्हणून तो टिकला. तथापि या गौरवात त्या स्वाराने सोसलेली आर्थिक जोखीम विस्मरणात गेली. मराठीने शिलेदाराचा मान जपला, तर त्याच्या खर्चाचा हिशेब या विस्मृत इंग्रजी शब्दाच्या इतिहासातून हाती येतो. मोमिनाबादसारख्या छावण्यांचा अभ्यास करताना या दोन्ही बाजू एकत्र पाहणे आवश्यक ठरते.