लाहोरचा व्हायरस, जोशींचा वाढदिवस आणि खालाची पत्रिका

रमजानच्या आधी, शाबान महिन्यात, आमच्याकडे लग्नांची घाई असते. गेल्या शाबानात खालाच्या नंबरवरून मला निकाहची पत्रिका आली. खालाच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलंय हे माहीत होतं, तेव्हा पत्रिका येणारच होती. फाइलचं नाव ‘शादी कार्ड’ असं इंग्रजी अक्षरांत होतं, वर एक गुलाबाचं फूल, खाली ‘जरूर तशरीफ लाएं’. बोट लावणार तेवढ्यात नावाच्या शेवटच्या तीन अक्षरांकडे लक्ष गेलं. एपीके.

पत्रिका फोटो असेल, पीडीएफ असेल, हल्ली गाणं लावलेला व्हिडिओही असतो. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये बसवायचं ॲप. निकाहच्या पत्रिकेला ॲप कशाला लागतं? मी खालाला फोन लावला. ती म्हणाली, “मैं तो कुछ भेजीच नै, बेटा.”

मी थांबलो ते शहाणा आहे म्हणून नाही. तीसेक वर्षांपूर्वी एकदा भाजून घेतलं होतं, म्हणून थांबलो. ती गोष्ट सांगायची तर आधी फ्लॉपीच्या काळात जावं लागेल.

१९९२ साली आमच्या तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर क्लास निघाला. एका दुकानाच्या माडीवर चार पीसी, बाहेर चपला काढून आत जायचं. चारपैकी एकाच मशीनला हार्ड डिस्क होती, तीवर क्लासचा फीचा हिशेब. बाकीची तीन मशीनं फ्लॉपीवर सुरू व्हायची. फ्लॉपी म्हणजे सव्वापाच इंची, कागदासारखी वाकणारी, ३६० केबीची. आजच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा तीत मावायचा नाही. पण आम्ही ती वहीत घालून घरी न्यायचो, मित्राला द्यायचो, त्याच्याकडून गेम घेऊन यायचो. फाइल शेअर करणं ते हेच. तारेशिवाय, इंटरनेटशिवाय, हातातून हातात.

डिसेंबरात क्लास काही दिवस बंद होता. का बंद होता, ते त्या वर्षाचं नाव घेतलं की वाचकांना कळेल. पुन्हा उघडल्यावर सरांनी कुठून तरी व्हायरस शोधणारा प्रोग्राम आणला आणि सगळ्यांच्या फ्लॉप्या तपासायला घेतल्या. माझी आत गेली तेव्हा पडद्यावर नाव उमटलं, ‘पाकिस्तानी ब्रेन’. त्या काळचे तपासनीस प्रोग्राम त्या व्हायरसला हेच नाव लावत. सर हसून म्हणाले, “काय रे, पाहुण्यांना घेऊन आलास वाटतं?” वर्ग हसला. मीही हसलो. माझ्यामागून आणखी सात जणांच्या फ्लॉप्यांत तेच नाव निघालं. क्लासच्या स्वतःच्या बूट फ्लॉपीतही निघालं, म्हणजे बहुधा आम्हाला सगळ्यांना तिथूनच लागण झाली होती. पण सात वेळा कुणी हसलं नाही.

जानेवारीच्या ५ तारखेला, मंगळवारी, हिशेबाचं मशीन अडून बसलं. पडद्यावर इंग्रजीत हुकूम, ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून पाहिलं, तरी तेच. शेवटी एका मुलीनं वैतागून ते वाक्य जसंच्या तसं टाइप केलं आणि मशीन निमूट चालू झालं! हा ‘जोशी’ व्हायरस. १९९० च्या जूनमध्ये तो भारतात सापडला, बनलाही इथेच असावा असं मानलं जातं, आणि दर ५ जानेवारीला तो असा वाढदिवस साजरा करून घ्यायचा. हे जोशी कोण, ते जगाला आजवर कळलेलं नाही. आमच्या वर्गात दोन जोशी होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं असं मलाही वाटलं नाही. मला फक्त हिशेब लागेना.

ब्रेनची हकीकत मी नंतर वाचत गेलो. लाहोरच्या अल्लामा इक़बाल टाऊनमध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोघे भाऊ कॉम्प्युटरचं दुकान चालवत. १९८६ साली त्यांनी हा प्रोग्राम लिहिला. आयबीएमच्या धर्तीच्या पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस तो हाच मानतात. (ॲपलच्या मशीनवरचा ‘एल्क क्लोनर’ त्याआधीचा, १९८२ चा. तो पंधरा वर्षांच्या एका अमेरिकन पोरानं गंमत म्हणून केला होता.) अल्वी बंधूंचं म्हणणं असं की, त्यांनी बनवलेलं वैद्यकीय सॉफ्टवेअर लोक फुकट कॉपी करत होते, त्यांना पकडायला हा प्रोग्राम केला. आणि गंमत पाहा, आत त्यांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि तीन फोन नंबर लिहून ठेवले होते. व्हायरसपासून सावध राहा, लस हवी असेल तर आमच्याशी संपर्क साधा, असा निरोपही होता. चोर घरात शिरून आपलं व्हिजिटिंग कार्ड ठेवून जात नाही, तेव्हा त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य असावं. पण १९८८ मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकानं हेही छापलं की, हे भाऊ स्वतःच अमेरिकन प्रोग्रामच्या स्वस्त नकला विकत, आणि परदेशी गिऱ्हाइकाच्या नकलेत व्हायरस घालून देत. म्हणजे दोन्ही गालांवर रंग.

ब्रेनची चाल साधी होती. फ्लॉपीच्या सुरुवातीला एक छोटा भाग असतो, मशीन सुरू होताना सगळ्यांत आधी तोच वाचला जातो. ब्रेन तिथे जाऊन बसायचा आणि मूळ मजकूर दुसरीकडे हलवून ती जागा ‘खराब’ म्हणून नोंदवायचा. कुणी ती पहिली जागा तपासायला गेलं तर हा मधे पडून हलवलेला मूळ मजकूर दाखवायचा. सगळं ठीक दिसायचं. फ्लॉपी जरा हळू चाले, आणि तिच्या नावाच्या जागी ‘ब्रेन’ येई, एवढीच खूण. हार्ड डिस्कला तो हात लावत नसे. ड्राइव्हमध्ये विसरलेली फ्लॉपी तशीच ठेवून मशीन सुरू केलं, की तो मेमरीत जाऊन बसायचा, आणि मग त्या दिवशी त्या मशीनमध्ये जी उघडी फ्लॉपी जाईल ती त्याची.

असाच तो १९८७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात निघाला. १९८८ मध्ये ऱ्होड आयलंडच्या एका वर्तमानपत्रात तो सापडला, तिथे एका बातमीदार बाईंच्या फ्लॉपीवरची काही महिन्यांची टिपणं गेली. लाहोरहून तिथवर तो स्वतः चालत गेला नव्हता. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी कुणाला तरी चांगल्या मनानं फ्लॉपी दिली होती. २०११ मध्ये, पंचवीस वर्षं झाली म्हणून, फिनलंडचा व्हायरसतज्ज्ञ मिक्को हिप्पोनेन त्या पत्त्यावर गेला. भाऊ तिथेच होते. आता ते लाहोरात इंटरनेट सेवेची कंपनी चालवत होते. दार उघडून त्यांनी पाहुण्याला बसवलं, जुनी फ्लॉपी पाहिली.

सावध कसं राहायचं, हे त्या काळी आम्हाला एका चिकटपट्टीनं शिकवलं. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असे. ती पट्टीनं बुजवली की त्या फ्लॉपीवर कुठलंच मशीन काही लिहू शकत नसे. वाचता येई, लिहिता येत नसे. मग व्हायरस कितीही हुशार असो. सरांनी (ते मनानं वाईट नव्हते, नंतर मला त्यांनी अर्ध्या फीत पुढचा कोर्स दिला) एक स्वच्छ डॉस फ्लॉपी पट्टी लावून कपाटात कुलपात ठेवली. जोशी काढायचा तर मशीन बटण बंद करून पूर्ण विझवायचं, कारण कंट्रोल-ऑल्ट-डिलीटनंतरही तो मेमरीत तग धरायचा. मग त्या कुलपातल्या फ्लॉपीवर मशीन सुरू करायचं आणि मगच सफाई. आजच्या भाषेत सांगायचं तर, महत्त्वाच्या फोटो-कागदांची एक प्रत अशी ठेवावी जी एरवी कशालाच जोडलेली नसते. पट्टी गेली, पण ती कुलपातली फ्लॉपी अजून लागते.

भावांचीच आणखी एक जोडी इथे आठवते, ती आपल्याकडची. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला घेऊ लागले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनांत बिघाडाऐवजी व्हायरसच जास्त सापडायला लागले, तेव्हा धाकट्या संजयनं ते काढणारा प्रोग्राम लिहिला. १९९० च्या दशकात त्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं. लाहोरात आणि पुण्यात, दोन्हीकडे छोटं दुकान आणि दोन भाऊ.

मग फ्लॉपी गेली आणि ईमेल आला. ४ मे २००० ला जगभर लोकांना ‘आय लव्ह यू’ अशा विषयाची ईमेल येऊ लागली. सोबत जोडलेलं प्रेमपत्र. नावाच्या शेवटी डॉट टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर. पण खरं नाव तिथे संपत नव्हतं. त्यापुढे डॉट व्हीबीएस होतं, म्हणजे चालणारा प्रोग्राम, आणि विंडोज ती शेवटची अक्षरं सवयीनं लपवून ठेवी. उघडलं की तो फोटोंच्या फाइल पुसून त्यांच्या जागी स्वतःची नक्कल ठेवायचा आणि आउटलुकच्या वहीतल्या सगळ्या पत्त्यांवर पुढे निघायचा. ब्रिटनच्या संसदेला आपली ईमेल बंद ठेवावी लागली.

हे पत्र कोण उघडत होतं, याचा विचार केला की मला अजून नवल वाटतं. अनोळखी माणसाचं ‘आय लव्ह यू’ कुणीही शंकेनं पाहील. हे येत होतं साहेबाकडून, शेजारच्या टेबलवरच्या कारकुनाकडून, वर्गमित्राकडून. ओळखीचं नाव, म्हणून उघडलं.

हा प्रोग्राम करणारा ओनेल डी गुझमान मनिलातल्या कॉम्प्युटर कॉलेजचा विद्यार्थी. पुढे वीस वर्षांनी त्यानं एका ब्रिटिश पत्रकाराजवळ कबूल केलं की, त्याला दुसऱ्यांचे इंटरनेटचे पासवर्ड हवे होते, विकतचं इंटरनेट परवडत नव्हतं म्हणून. त्याच्यावर खटला टिकला नाही, कारण फिलिपिन्समध्ये तेव्हा या गुन्ह्याला कायदाच नव्हता. त्यांनी तो जूनमध्ये केला. आपला माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षीचा, १७ ऑक्टोबर २००० पासून लागू. त्याच्या कलम ४३ मध्ये ‘कॉम्प्युटर व्हायरस’ हा शब्द आहे.

मधल्या पेन ड्राइव्हच्या काळाबद्दल फार सांगत नाही. मोबाइलच्या दुकानात वीस रुपयांत कार्डभर गाणी भरून मिळायची, सोबत काय काय भरलं जायचं ते दुकानदारालाही माहीत नसे.

आता खालाच्या पत्रिकेकडे येतो. असे एपीके उघडून ‘इन्स्टॉल’ म्हटलं की फोन आधी विचारतो, हे अनोळखी ठिकाणाहून आलंय, चालेल का? लोक ‘हो’ म्हणतात, कारण ठिकाण अनोळखी नाही, खाला आहे. मग ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली, की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी दुसरा कुणी वाचतो. शिवाय तुमच्या व्हॉट्सॲपवरून तीच पत्रिका तुमच्या नातेवाइकांकडे निघते. हिमाचलच्या पोलिसांनी २०२४ च्या नोव्हेंबरात लग्नपत्रिकेच्या नावानं येणाऱ्या अशा फाइलींबद्दल लोकांना सावध केलं होतं. आरटीओच्या दंडाची पावती हा याचाच दुसरा वेश.

आमच्या खानदानाच्या ग्रुपवर मी लिहिलं, उघडू नका. एका चुलतभावानं उत्तर दिलं, “खालावर शक घेतोस?” त्याला कसं सांगू की, खालावर शक नाही, फाइलवर आहे. नाव पाहून भरवसा आणि नाव पाहून संशय, दोन्ही मी एकाच माडीवर पाहिलेत, आणि दोन्ही वेळा फ्लॉपी तीच होती.

तोवर ग्रुपमधल्या तिघांनी पत्रिका उघडली होती. दोघांच्या फोनवर बँक नव्हती, ते वाचले. तिसरा शिलाईकाम करतो, त्याच्या खात्यातून ३८ हजार गेले. १९३० वर तासाभरात फोन केला, म्हणून काही रक्कम पुढच्या खात्यात अडकवता आली. बाकीची गेलीच. त्याचा फोन एरोप्लेन मोडवर टाकून मी ते ॲप काढलं, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले, व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-फाइलींचं आपोआप डाउनलोड बंद केलं. तो सारखा म्हणत होता, नाव तर खालाचं होतं ना. खालाच्या फोनमध्ये ते कुठून आलं, तर शेजारणीनं पाठवलेल्या पत्रिकेतून. शेजारणीकडे कुठून आलं, ते कुणी शोधलं नाही.

चार दिवसांनी खाला स्वतः रिक्षा करून आली. तिच्या पिशवीत छापील पत्रिकांचा गठ्ठा होता, वर हिरव्या अक्षरांत बिस्मिल्लाह. माझ्या नावाची काढून हातात देत म्हणाली, “ये तो खोल के देखते ना, बेटा?”