थ्रेड : जुन्या मोटारसायकलीची वीज नेमकी कुठे हरवते?

बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्यूकस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सायकलीसाठी तेलाचा दिवा बाजारात आणला. त्याचे नाव ‘किंग ऑफ द रोड’. पुढे त्यांच्याच नावाची कंपनी बहुतेक ब्रिटिश मोटारसायकलींना विद्युतसामग्री पुरवू लागली आणि भररस्त्यात दिवे गेलेल्या स्वारांनी संस्थापकाला नवा किताब बहाल केला : ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’, म्हणजे काळोखाचा राजपुत्र. विनोद झकास आहे, पण बिघाड शोधायला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यासाठी गाडी कोणत्या पिढीची, हे आधी पाहावे लागते.

1902 साली जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. इंजिनाच्याच गतीने चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे फिरते आणि प्लगवर ठिणगी पडते. बॅटरीची गरजच नाही. हे यंत्र इतके भरवशाचे ठरले की ब्रिटिश कारखानदार ते बव्हंशी जर्मनीकडूनच घेत राहिले. ऑगस्ट 1914 मध्ये युद्ध पेटले, आणि विमाने, लष्करी ट्रक व निरोप्यांच्या मोटारसायकली शत्रूच्या मॅग्नेटोवाचून चालवायच्या कशा, हा पेच ब्रिटनपुढे उभा राहिला. मायदेशी मॅग्नेटो बनवणारे मोजकेच होते. त्यांपैकी थॉमसन-बेनेट ही छोटी कंपनी ल्यूकसने त्याच वर्षी ताब्यात घेतली.

मॅग्नेटोच्या गाडीत विजेची दोन घराणी वेगळी नांदत. ठिणगी मॅग्नेटोची, तर दिवे आणि हॉर्न 6 व्होल्टच्या डायनॅमो-बॅटरीचे. बॅटरी काढून घरी ठेवली तरी इंजिन चालते. म्हणूनच अशी गाडी बंद पडल्यावर बॅटरी तपासत बसणे हा वेळेचा अपव्यय.

मॅग्नेटोचे खास दुखणे निराळेच. गार इंजिन पहिल्या किकला सुरू होते, तापल्यावर अडखळत बंद पडते आणि अर्ध्या तासाने, निवल्यावर, काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा चालते. नवखा माणूस कार्बुरेटर उघडतो. खरा दोषी बहुधा कंडेन्सर असतो. त्याचे इन्सुलेशन जुने झाले की उष्णतेने विजेची गळती वाढते, पॉइंटवर नको तेवढी ठिणगी उडते आणि प्लगवरची दुबळी होते. ल्यूकसच्या मॅग्नेटोत तो आर्मेचरच्या पोटात बसवलेला असल्याने बदलायचा तर सगळेच खोलावे लागते. साहजिकच हे काम वर्षानुवर्षे पुढे ढकलले जाते.

1953 साली ट्रायम्फ स्पीड ट्विनवर आल्टरनेटर आणि कॉइल इग्निशन आले. रचना स्वस्त झाली, पण दोन घराणी एक झाली. आता बॅटरी उतरली की दिव्यांबरोबर ठिणगीही गेली. कारखानदारांनाही हे ठाऊक होते. उतरलेल्या बॅटरीवर गाडी सुरू करता यावी म्हणून अशा गाड्यांच्या स्विचवर ‘इमर्जन्सी’ची वेगळी जागा ठेवलेली असे. त्यातच हेडलॅम्पचा प्रवाह पुष्कळदा स्वतंत्र तारेऐवजी हँडलच्या बेअरिंगमधून चेसिसकडे परते. ग्रीस आणि गंज यांतून वाट काढणारी ही अर्थिंग काय टिकणार? हँडल वळवताच दिवा लुकलुकला, तर बल्ब बदलण्याआधी हेडलॅम्पपासून चेसिसपर्यंत एक तार जोडून पाहावी. काळोखाच्या राजपुत्राच्या माथी मारलेले किती गुन्हे या गंजाचे असतील!

1955 पासून मद्रासला बुलेटची जुळणी होऊ लागली. पुढे दीर्घकाळ तिच्यावर बॅटरी-कॉइल इग्निशन होते आणि हेडलॅम्पच्या वरच्या खोळीत छोटा अ‍ॅमीटर. किक कुठून मारायची, ती जागा भारतीय स्वार या काट्यावरून शोधत. बिघाडाचा माग काढायलाही तोच कामी येतो. दिवे बंद ठेवून चावी फिरवायची आणि किक सावकाश दाबत न्यायची. पॉइंट मिटलेले असताना काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडताच मध्यावर परततो. काटा हललाच नाही, तर पॉइंट मळलेले आहेत किंवा प्रवाह कॉइलपर्यंत पोहोचतच नाही. झुकलेलाच राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा वाटेत कुठेतरी उघडी तार चेसिसला टेकली आहे. ती बहुधा हँडलखालच्या वळणावर, वायरिंग घासते तिथेच सापडते.