घर रिकामं आहे, पण कुत्रा चालणार नाही



मागच्या महिन्यात माझ्या भाचीची पुण्याहून मुंबईला बदली झाली. नोकरी चांगली, पगार चांगला, पण बरोबर चिकू आहे. चिकू म्हणजे तिने रस्त्यावरून उचलून आणलेला, एका पायाने किंचित लंगडणारा गावठी कुत्रा. तिने सतरा घरं बघितली. दर वेळी ब्रोकरचं एकच, "मॅडम, फॅमिली आहे, व्हेज आहे, जैन आहे, सगळं चांगलं आहे, तेवढं कुत्र्याचं काहीतरी बघा." शेवटी एका रात्री तिचा फोन आला. "मावशी, याला कुठेतरी सोडून येऊ का गं?" असं म्हणून ती रडायला लागली.

मी तिला धीर दिला खरा, पण फोन ठेवल्यावर मला झोप लागेना. सहा वर्षांपूर्वी आमच्या कोथरूडच्या फ्लॅटसाठी एक जोडपं आलं होतं. माणसं सज्जन, भाडं वेळेवर देणारी. बरोबर मांजर होतं. मी दारातूनच "आमच्याकडे चालत नाही" म्हणून सांगितलं होतं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

झोप येईना म्हणून जुनी पुस्तकं काढून बसले. मुंबईत माणसांनी कुत्र्यांसाठी दंगल केली होती, हे तुमच्यापैकी किती जणींना माहीत आहे? साल १८३२, महिना जून. मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम कंपनी सरकारने आधीच काढलेला होता, आणि त्या वर्षी दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठरलं. आठ आणे म्हणजे तेव्हा मोठी रक्कम! मग काय, शिपाई नुसत्या मोकाट कुत्र्यांवर थांबले नाहीत, लोकांच्या दारातली पाळलेली कुत्रीही मारू लागले. त्यात ६ जून हा पारशांचा पवित्र दिवस. पारशांमध्ये माणूस गेला की कुत्र्याची नजर त्याच्यावर पडावी लागते, 'सगदीद' म्हणतात त्याला. अशा लोकांसमोर कुत्री मारली जात होती. फोर्टात पारशी शिपायांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, आणि त्या बंदमध्ये पारशांबरोबर हिंदू होते, आपले जैन व्यापारीही होते. कुलाब्याच्या छावणीत जाणारी रसद अडवली गेली. शेवटी लष्कर बोलवावं लागलं, धरपकड झाली. पण सरकारही थोडं नमलं, आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत असा तोडगा निघाला.

त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वरची पांजरपोळ उभी राहिली. पुढाकार दोघांचा. एक जमशेटजी जीजीभॉय, ज्यांच्या नावाचं जे. जे. हॉस्पिटल आहे ते, आणि दुसरे आपले शेठ मोतीशा. भायखळ्याचं आदिनाथ मंदिर आणि पालिताण्याची मोतीशा टूक बांधणारे मोतीशा हेच. (दोघांचाही पैसा बराचसा चीनच्या अफूच्या व्यापारातला. दयेचा हिशेब मांडताना ही बाजूही लिहून ठेवावी, मी कॉमर्सवाली आहे.) पांजरपोळी चालवायला व्यापारी महाजन मालाच्या व्यवहारावर 'लाग' बसवत, म्हणजे सौदा झाला की ठरावीक रक्कम जनावरांच्या नावे बाजूला. ऐच्छिक देणगीपेक्षा ही पद्धत पक्की, कारण कुणाचा मूड असो नसो, चाऱ्याचे पैसे येत राहत. पुढे परळला जनावरांचं मोठं हॉस्पिटल झालं, त्याला नाव एका बाईचं, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट. दिल्लीच्या लाल मंदिरातलं पक्ष्यांचं हॉस्पिटल तर यात्रेला गेलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलंच असेल.

हे सगळं वाचताना अभिमान वाटला आणि मग जरा अवघडायलाही झालं. कुत्री शहराबाहेर, गाई पांजरपोळीत, पक्षी हॉस्पिटलात. पैसे आपण देतो, मुक्या जिवांना ठेवतो मात्र लांब. आज भुलेश्वरला गेलात तर मुख्यतः गाईच दिसतात. ज्यांच्यावरून एवढी दंगल झाली, ती कुत्री रस्त्यावरच आहेत.

आता भाड्याच्या घराचं. माझी आत्या गिरगावात चाळीत राहायची. गॅलरीत मांजरं, जिन्याखाली कुत्री, कुणी घरमालकाला विचारायला जात नसे, आणि मालकाचंही कुणी ऐकलं नसतं. कारण १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली होती आणि भाडेकरूला हलवणं जवळजवळ अशक्य होतं. पागडी देऊन माणूस आत शिरला की पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. १९७३ मध्ये तर त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे लायसन्सवर राहत होते, त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. तेव्हा घरवाले घाबरले, हजारो घरं कुलूप लावून ठेवली गेली. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, लायसन्सची मुदत संपली की घर परत मिळण्याची सोय झाली, आणि कुलपं उघडली. अकरा महिन्यांचा करार तेव्हापासून घरोघरी माहीत झाला. पण माझ्या मते त्याचबरोबर निवडीची चैनही आली. दर अकरा महिन्यांनी नवं माणूस निवडायचं म्हटल्यावर अटी वाढणारच. बॅचलर नको, नॉनव्हेज नको, कुत्रं नको.

भाचीला एका सोसायटीच्या सेक्रेटरीने "आमच्या जनरल बॉडीत ठराव झालाय" असं सांगितलं होतं. तसा ठराव चालत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे की सोसायटी बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही, लिफ्ट नाकारू शकत नाही. पण खाजगी घरमालकाची गोष्ट वेगळी. त्याने करारातच "प्राणी नको" असं लिहिलं आणि आपण सही केली, तर मग बोलायला जागा उरत नाही. म्हणून सही करण्याआधी ते कलम वाचावं, आणि कुत्रा लपवून तर अजिबात राहू नये. आणि सोडून देण्याचं म्हणाल, तर १९६० च्या कायद्याप्रमाणे जनावराला उपाशी मरण्यासारख्या अवस्थेत टाकून देणं हा गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. आपल्याकडे पाठशाळेत तत्त्वार्थसूत्रातले अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार शिकवतात, बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यांचा दंड पन्नास रुपयांत भागत नाही.

लहानपणी आजी जीवंधरकुमाराची गोष्ट सांगायची. मार खाऊन मरायला टेकलेल्या कुत्र्याच्या कानात त्याने णमोकार मंत्र म्हटला आणि तो कुत्रा सुदर्शन यक्ष झाला. आम्हा मुलांना यक्षाचंच कौतुक. जीवंधर त्या रक्ताळलेल्या कुत्र्याजवळ खाली बसला होता, हे मला आत्ता, साठी उलटल्यावर, लक्षात आलं.

भाचीला तेविसावं घर मिळालं, ठाण्यात, तळमजल्यावर. घरमालकीण एकट्या राहणाऱ्या आजी. त्यांनी लसीचं पुस्तक पाहिलं, महापालिकेचा परवाना मागितला, एक महिन्याचं डिपॉझिट जास्त घेतलं आणि सोडताना रंग काढून द्यायचा एवढं लिहून घेतलं. मला तो व्यवहार चोख वाटला.

आमचा कोथरूडचा फ्लॅट या महिन्यात पुन्हा रिकामा झाला आहे. परवा एका जोडप्याचा फोन आला, त्यांच्याकडे कुत्री आहे. मी विचारलं, "ती खाते काय?" पलीकडून जरा दबकत उत्तर आलं, "काकू, चिकन." मी गप्प बसले. हे म्हणाले, "आता काय करणार?" ज्या ओट्यावर मी दहा वर्षं चौविहाराआधी घाईघाईने स्वयंपाक केला, तिथे मांस शिजलेलं मला चालणार नाही, यात मी खोटं बोलणार नाही. कुत्र्याला मुगाच्या खिचडीवर ठेवा असं त्यांना सांगण्याचा अधिकारही मला नाही. दोन दिवस विचार करून मी त्यांना कळवलं, पाकिटातलं तयार खाणं द्या, घरात शिजवू नका, बाकी माझी हरकत नाही. करारात तसं कलम घालायला वकिलांना सांगितलं आहे. रविवारी ते घर बघायला येणार आहेत, कुत्रीला घेऊनच या म्हटलंय.