सुरैया : स्वतःच्या आवाजात गाणारी अखेरची तारका

हिंदी चित्रपटसृष्टीतील गायिका-अभिनेत्रींच्या परंपरेतील अखेरचे मोठे नाव म्हणून सुरैया यांच्याकडे पाहिले जाते. सुरैया जमाल शेख हे त्यांचे पूर्ण नाव. १५ जून १९२९ रोजी अविभक्त पंजाबात त्यांचा जन्म झाला आणि ३१ जानेवारी २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सुमारे दोन दशकांच्या कारकिर्दीत त्यांनी साठहून अधिक चित्रपटांत भूमिका केल्या व तीनशेहून अधिक गीते गायिली. पडद्यावरचा चेहरा आणि कानी पडणारा आवाज एकाच व्यक्तीचा असावा, ही अपेक्षा त्यांच्या उमेदीच्या काळात स्वाभाविक मानली जात होती. त्या निवृत्त झाल्या तेव्हा ती जवळजवळ लोप पावली होती. हे स्थित्यंतर त्यांच्या कारकिर्दीत टप्प्याटप्प्याने पाहावयास मिळते.

बालपण आणि पदार्पण

सुरैया लहान असतानाच त्यांचे कुटुंब मुंबईत स्थायिक झाले. त्यांचे मामा एम. जहूर हे त्या काळी चित्रपटांत खलनायकाच्या भूमिका करीत. शाळेच्या सुटीत मामांबरोबर चित्रीकरण पाहावयास गेलेल्या या मुलीकडे दिग्दर्शक नानूभाई वकील यांचे लक्ष गेले आणि ‘ताजमहल’ (१९४१) या चित्रपटात लहानपणीच्या मुमताज महलची भूमिका तिच्याकडे आली.

त्याच सुमारास ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावरील मुलांच्या कार्यक्रमांत त्या गात असत. राज कपूर आणि पुढे संगीतकार म्हणून नावारूपास आलेले मदन मोहन हे त्यांचे या कार्यक्रमांतील सोबती होते. संगीतकार नौशाद यांनी सुरैया यांचा आवाज नभोवाणीवरच ऐकला व ए. आर. कारदार यांच्या ‘शारदा’ (१९४२) या चित्रपटासाठी त्यांना बोलाविले. तेरा वर्षांच्या सुरैयांनी वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या नायिका मेहताब यांच्यासाठी पार्श्वगायन केले. ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना स्टुलावर उभे राहावे लागले होते, असे सांगितले जाते. स्वतःची गाणी स्वतः गाणारी तारका म्हणून ज्यांची ख्याती झाली, त्यांच्या गायनाचा आरंभ असा दुसऱ्या अभिनेत्रीस आवाज देऊन झाला.

गायक-नटांचा काळ

पार्श्वगायनाचे तंत्र १९३५ मध्ये न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’ या चित्रपटापासून हिंदीत रुळू लागले होते. तरीही पुढील दहा-बारा वर्षे प्रमुख कलावंतांना गाता येणे ही मोठीच जमेची बाजू समजली जाई. कुंदनलाल सैगल, सुरेंद्र, नूरजहाँ, खुर्शीद, शांता आपटे ही मंडळी याच परंपरेतील. संगीत नाटकांत वाढलेल्या मराठी प्रेक्षकांना तर गाणारा नट नवा नव्हताच.

सुरैया या परंपरेत लवकरच सामावल्या. बॉम्बे टॉकीजचा ‘हमारी बात’ (१९४३) आणि पृथ्वीराज कपूर यांच्यासमवेतचा ‘इशारा’ (१९४३) यांनंतर सैगल यांच्याबरोबर त्यांना तीन चित्रपट मिळाले : ‘तदबीर’ (१९४५), ‘उमर खय्याम’ (१९४६) आणि ‘परवाना’ (१९४७). मेहबूब खान यांच्या ‘अनमोल घडी’ (१९४६) मध्ये नूरजहाँ, सुरेंद्र आणि सुरैया असे तिघे गायक-कलावंत एकत्र आले. नूरजहाँ नायिका असूनही दुय्यम भूमिकेतील सुरैया यांची नौशाद यांनी स्वरबद्ध केलेली गीते स्वतंत्रपणे लोकप्रिय झाली.

सुरैया यांनी शास्त्रीय संगीताचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. ताना-हरकतींची आतषबाजी त्यांच्या गाण्यात फारशी आढळत नाही. खुला व गोड आवाज, शब्दांचा स्पष्ट उच्चार आणि संवाद बोलता बोलता गाण्यात शिरावे अशी सहजता ही त्यांची वैशिष्ट्ये होती. भूमिका आणि गीत एकाच कंठातून येत असल्यामुळे दोहोंमध्ये सांधा जाणवत नसे.

लोकप्रियतेचे शिखर

१९४७ या वर्षाने हे चित्र पालटले. १८ जानेवारी १९४७ रोजी सैगल यांचे निधन झाले. फाळणीनंतर नूरजहाँ आणि खुर्शीद पाकिस्तानात गेल्या. सुरैया मात्र मुंबईतच राहिल्या. पहिल्या श्रेणीच्या गायिका-अभिनेत्रींमध्ये त्या आता जवळजवळ एकट्याच उरल्या होत्या.

पुढील तीन वर्षे त्यांच्या यशाची होती. हुस्नलाल-भगतराम यांचे संगीत असलेले ‘प्यार की जीत’ (१९४८) व ‘बडी बहन’ (१९४९) आणि नौशाद यांचे संगीत लाभलेले ‘दिल्लगी’ (१९४९) व ‘दास्तान’ (१९५०) हे चित्रपट गाजले. सर्वाधिक मानधन घेणाऱ्या कलावंतांमध्ये त्यांची गणना होऊ लागली. मरीन ड्राइव्हवरील ‘कृष्ण महल’ या त्यांच्या निवासस्थानासमोर चाहत्यांची गर्दी जमत असे. पुढे स्वतः नायक झालेले धर्मेंद्र यांनी तरुणपणी ‘दिल्लगी’ पुन्हा पुन्हा पाहिल्याच्या आठवणी सांगितल्या होत्या.

परंतु याच काळात बदलाची चाहूलही लागली होती. १९४९ मध्ये ‘महल’, ‘बरसात’ आणि ‘अंदाज’ या चित्रपटांतून लता मंगेशकर यांचा आवाज देशभर पोहोचला. ‘बडी बहन’मध्येही सुरैया यांच्या गीतांबरोबर लताबाईंची गीते होती. आता नायिकेस गाता येणे आवश्यक राहिले नाही. अभिनय, नृत्य आणि रूप यांवर निवड करून गाणे निष्णात गायिकेकडून घेता येऊ लागले. संगीतकारांनाही अधिक अवघड चाली बांधण्याचे स्वातंत्र्य मिळाले. या व्यवस्थेत सुरैया यांचे वेगळेपण हे त्यांचे बळ न राहता हळूहळू अपवाद ठरत गेले.

देव आनंद यांच्याशी स्नेह

‘विद्या’ (१९४८) या चित्रपटाच्या वेळी नवोदित देव आनंद यांच्याशी त्यांचा परिचय झाला. चित्रीकरण सुरू असताना नाव उलटली आणि देव आनंद यांनी त्यांना पाण्यातून वाचविले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. १९४८ ते १९५१ या काळात दोघांनी सात चित्रपटांत एकत्र काम केले. नवकेतन या संस्थेचा पहिला चित्रपट ‘अफसर’ (१९५०) हा त्यांपैकी एक होय. त्या वेळी सुरैया प्रस्थापित तारका होत्या, तर देव आनंद यांची कारकीर्द नुकतीच सुरू झाली होती.

दोघांची विवाहाची इच्छा होती. तथापि भिन्न धर्माच्या कारणावरून सुरैया यांच्या आजीने कडाडून विरोध केला. हा विरोध मोडून काढण्याचे धैर्य आपणास झाले नाही, असे सुरैया यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले. देव आनंद यांनी १९५४ मध्ये अभिनेत्री कल्पना कार्तिक यांच्याशी विवाह केला. सुरैया अखेरपर्यंत अविवाहित राहिल्या. देव आनंद यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या संबंधांविषयी मोकळेपणाने लिहिले आहे.

‘मिर्झा गालिब’

१९५० नंतर सुरैया यांचे काही चित्रपट अयशस्वी ठरले. अशा वेळी सोहराब मोदी यांचा ‘मिर्झा गालिब’ (१९५४) त्यांच्या वाट्यास आला. कथा सआदत हसन मंटो यांची, संवाद राजिंदर सिंह बेदी यांचे आणि संगीत गुलाम मोहम्मद यांचे होते. गालिबच्या भूमिकेत भारतभूषण, तर त्याच्या काव्यावर प्रेम करणाऱ्या गणिकेच्या भूमिकेत सुरैया होत्या. ही स्त्री गालिबच्या गझला गाऊन जगते. त्यामुळे गाणारी अभिनेत्री ही कथानकाचीच गरज होती. उर्दू शब्दांवरील पकड आणि संयत गायन यांमुळे सुरैया यांनी गायिलेल्या गझला आजही प्रमाण मानल्या जातात.

या चित्रपटास १९५४ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्याआधीच्या वर्षी या सन्मानाचा पहिला मान आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटास लाभला होता. सुरैया यांनी गालिबच्या आत्म्याला पुन्हा जिवंत केले, अशा आशयाचे उद्गार पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी काढल्याचे सांगितले जाते.

निवृत्ती आणि अखेरची वर्षे

‘मिर्झा गालिब’च्या यशानंतरही काळाचा ओघ बदलला नाही. सुरैया यांचे चित्रपट विरळ होत गेले. ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. ‘रणांगण’ या कादंबरीचे लेखक विश्राम बेडेकर यांनी त्याचे दिग्दर्शन केले होते, तर संगीत सज्जाद हुसेन यांचे होते. ‘इशारा’तील त्यांचे सहकलाकार पृथ्वीराज कपूर या चित्रपटात रुस्तमच्या भूमिकेत होते. यातील सुरैया यांच्या गीतात आवाजाची परिपक्वता दिसते. तो थकल्याची कोणतीही खूण नाही.

वयाच्या ३४ व्या वर्षी त्यांनी चित्रपट आणि गायन दोन्ही सोडले. नायिकांसाठी पार्श्वगायन करण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. पण ज्या मार्गाने त्या या क्षेत्रात आल्या, त्यावर त्या परतल्या नाहीत. पुढील चार दशके त्यांनी ‘कृष्ण महल’मध्ये प्रसिद्धीपासून दूर राहून व्यतीत केली. निधनानंतर मुंबईतील मरीन लाइन्स येथील बडा कब्रस्तानात त्यांचे दफन करण्यात आले. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त डाक विभागाने २०१३ मध्ये काढलेल्या तिकिटांत त्यांच्या तिकिटाचा समावेश होता.

पार्श्वगायनाने हिंदी चित्रपटसंगीतास अपूर्व वैभव दिले, हे निर्विवाद आहे. मात्र त्या वैभवासाठी चेहरा आणि आवाज यांची फारकत स्वीकारावी लागली. ती होण्यापूर्वी चित्रपटगीत कसे असे, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या रसिकाने ‘अनमोल घडी’पासून ‘मिर्झा गालिब’पर्यंतची सुरैया यांची गीते केवळ ऐकू नयेत, तर पडद्यावर पाहावीत.