पेंटेकॉस्ट

पेंटेकॉस्ट : ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी, रविवारी येणारा ख्रिस्ती सण. मराठी कॅथलिक त्याला ‘पवित्र आत्म्याचा सण’ म्हणतात. ईस्टर चंद्रावर ठरतो, त्यामुळे हा सण १० मे ते १३ जूनच्या दरम्यान मागेपुढे सरकतो. २०२५ मध्ये तो ८ जूनला आला. २०२६ मध्ये २४ मे ही त्याची तारीख. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायानुसार यरुशलेममध्ये एकत्र जमलेल्या शिष्यांवर या दिवशी पवित्र आत्मा उतरला आणि देशोदेशींच्या यात्रेकरूंना त्यांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले. चर्चचा जन्म याच दिवसापासून धरतात.

मुंबईलगतच्या मीरा-भाईंदरमध्ये अनेक भाषांचा हा प्रसंग परका वाटत नाही. उत्तन, पाली, डोंगरी या पट्ट्यात पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती वस्ती आहे. तिथल्या कोळी आणि ईस्ट इंडियन कॅथलिक घरांत मराठीच्याच बोली नांदतात. भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकसारख्या नव्या वसाहती मात्र रेल्वेच्या आधाराने वाढल्या, आणि मुंबई परिसरातल्या अशा वसाहतींत कोकणी, मल्याळी, तमिळ, हिंदी बोलणारे शेजारी असतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषांना उपासनेची दारे उघडली. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये होई.

सणाआधी नऊ दिवस नोव्हेना चालते. सणाच्या मिस्सेला धर्मगुरूंची वस्त्रे लाल असतात. ईस्टरच्या आदल्या रात्री पेटवलेली मोठी पास्का मेणबत्ती यानंतर वेदीजवळून हलवून बाप्तिस्माकुंडापाशी ठेवतात. सोमवारपासून उपासना-वर्षातला सामान्यकाळ पुन्हा सुरू होतो आणि लालाची जागा हिरवा रंग घेतो. हा सोमवार २०१८ पासून ‘चर्चची माता’ मरियेचा स्मरणदिन आहे. किनाऱ्यावर ऋतूही साधारण तेव्हाच पालटतो. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते, उत्तनच्या बोटी किनाऱ्याला लागतात आणि दर्यावर असणारी माणसे घरी येतात.

महाराष्ट्रात या सणाचा अर्थ सर्वांत तीव्रतेने जगला गेला तो पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी तिथल्या मुलींना रोजच्या प्रार्थनेसाठी एकत्र आणले. त्या वर्षी पेंटेकॉस्ट ११ जूनला होता. त्यानंतर अडीच आठवड्यांनी, २९ जूनच्या पहाटे, वसतिगृहातली एक तरुणी अंगावर अग्नी उतरल्याच्या अनुभवाने जागी झाली. शेजारच्या मुलीला ती पेटलेली दिसली. ही शेजारीण धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि ओतणार, तोच आग खरी नसल्याचे तिच्या ध्यानात आले, असे तेव्हाच्या वृत्तांतात नोंदले आहे. पुढे शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या.

लॉस एंजेलिसमधली प्रसिद्ध अझुसा स्ट्रीटची चळवळ एप्रिल १९०६ ची, म्हणजे केडगावनंतरची. तरीही पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या जागतिक पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम अनेकदा केवळ अमेरिकेत दाखवला जातो. हा केडगावच्या मुलींवर अन्याय आहे. अन्य भाषा बोलणे हीच आत्मा लाभल्याची एकमेव खूण, हे चळवळीतले मत रमाबाईंनी मानले नाही. त्यांचा भर बदललेल्या आयुष्यावर होता.

मिशनमधल्या त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी या अनुभवावर १९०६ मध्ये पुस्तिका लिहिली. तिची प्रत चिलीतल्या वाल्पाराइसो शहरी मिशनरी हूवर दांपत्याकडे पोचली आणि १९०९ मध्ये तिथे सुरू झालेल्या जागृतीतून चिलीतली पेंटेकॉस्टल चर्चे उभी राहिली.