रिअ‍ॅक्टचा परवाना : मुक्त स्रोताच्या इतिहासातील एक प्रकरण

मुक्त स्रोत प्रणालीचे स्वातंत्र्य तिच्या परवान्यातील शब्दांवर अवलंबून असते. फेसबुकच्या ‘रिअ‍ॅक्ट’ या वेब-विकसन साधनाचा इतिहास याची साक्ष देतो.

मे २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट अपाचे २.० परवान्याखाली खुले झाले. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याऐवजी बीएसडी परवाना व स्वतंत्र पेटंट-अट आली. वापरकर्त्याने स्वतःहून फेसबुकविरुद्ध पेटंटचा दावा दाखल केल्यास त्याची रिअ‍ॅक्टविषयक पेटंट-अनुमती संपुष्टात येई. अपाचे परवान्यातही अशी तरतूद आहे; परंतु ती त्याच प्रणालीविषयीच्या दाव्यापुरती मर्यादित आहे. येथे पेटंट कोणतेही असो, परिणाम तोच होता.

जुलै २०१७ मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांत असा परवाना निषिद्ध ठरविला. ऑगस्टमध्ये फेसबुकने बदलास नकार दिला. १४ सप्टेंबर रोजी वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग यांनी रिअ‍ॅक्टचा त्याग जाहीर केला. २२ सप्टेंबर रोजी फेसबुकने माघार घेतली आणि त्यानंतर रिअ‍ॅक्ट १६ एमआयटी परवान्याखाली प्रसिद्ध झाले.

एमआयटी परवान्यात मात्र पेटंटचा उल्लेखच नाही. जाचक अटीबरोबर स्पष्ट लेखी अनुमतीही गेली. सारांश, विकसकांच्या सामूहिक दबावाने परवाना बदलला, तरी पेटंटचा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला.