चार सेन आणि सुशीचा एक घास



जपानी कथाकार शिगा नाओया यांची १९२० सालीं प्रसिद्ध झालेली एक छोटी गोष्ट आहे. ‘कोझो नो कामिसामा’ हें तिचें नांव. ‘दुकानांतल्या पोऱ्याचा देव’ असा त्याचा अर्थ. तोक्योंतील तराजूंच्या एका दुकानांत उमेदवारी करणारा सेन्किची नांवाचा मुलगा वरच्या नोकरांच्या तोंडून सुशीचें वर्णन ऐकतो आणि ती एकदां तरी खावी असें त्याच्या मनांत भरतें. कामासाठीं मिळालेल्या ट्रॅमच्या भाड्यांतून, परततांना पायीं चालून, तो चार सेन वांचवितो. रस्त्यावरील सुशीच्या गाडीचा पडदा सारून तो आंत शिरतो आणि ट्यूना माशाचा एक घास उचलतो. मालक म्हणतो, एकाला सहा सेन पडतील. मुलगा तो घास खालीं ठेवतो आणि मुकाट्यानें निघून जातो.

आपल्याकडील सुशिक्षित माणसाला सुशी म्हटली कीं मोठें हॉटेल, मंद दिवे आणि जड बिल आठवतें. सेन्किचीची गोष्ट ऐकून त्याला वाटेल कीं ही चैनीचीच वस्तु, पोऱ्यानें तिचा हव्यास धरावाच कशाला? पण इतिहास वेगळें सांगतो. आज आपणांस परिचित असलेली सुशी जन्मली ती रस्त्यावरच्या गाडीवर आणि कामकऱ्याच्या हातावर. ती अनेकदां महाग झाली. आणि दर वेळीं कोणी तरी तिला पुन्हां गल्लीच्या तोंडाशीं आणून बसविलें. या ये-जा करण्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

सुशी म्हणजे कच्चा मासा, हा समज बरोबर नाहीं. मूळ शब्द आंबटपणाचा वाचक आहे. कोकणांत मीठ आणि ऊन यांच्या साह्यानें मासळी टिकवितात. आग्नेय आशियाच्या भातशेतीच्या प्रदेशांत ती मीठ आणि शिजलेला भात यांत दडपून टिकवीत. भात आंबे, त्या आंबटपणानें मासा महिनोन् महिने राही, आणि खातांना भात टाकून देत. ही रीत जपानांत गेली. इसवी सन ७१८ च्या सुमारास रचलेल्या तेथील कायद्यांत, करादाखल द्यावयाच्या वस्तूंत सुशीचा उल्लेख आहे. बिवा सरोवराच्या कांठीं या जुन्या पद्धतीची सुशी अजूनहि करतात. पुढें लोक भातहि खाऊं लागले, मुरविण्याचा काळ घटला, आणि शेवटीं भातांत शिर्काच घालून तो आंबटपणा तत्काळ आणूं लागले. महिन्यांचें काम घटकेवर आलें.

ही घाई कोणाला होती? एदो शहराला. आजच्या तोक्योचें तें जुनें नांव. १६०३ पासून तें शोगुनांचें ठाणें झालें आणि अठराव्या शतकांत त्याची वस्ती सुमारें दहा लाखांवर गेली. त्यांत सुतार, हमाल, नोकर, सरदारांचे शिपाई अशा एकट्या पुरुषांची गर्दी मोठी. मुंबईच्या गिरणगांवांतील खाणावळींविषयीं ज्यांनीं ऐकलें आहे, त्यांना अशा शहराची भूक समजावून सांगावयास नको. त्या भुकेसाठीं नाक्यानाक्यावर खाद्यपदार्थांच्या गाड्या उभ्या राहिल्या. १८२० नंतरच्या दशकांत र्‍योगोकु भागांतील हानाया योहेई यानें हातानें दाबलेल्या भातावर माशाची चकती ठेवून देण्याची पद्धत रूढ केली, असें मानतात. तो घास आजच्यापेक्षां बराच मोठा होता. बर्फ नसल्यामुळें मासा शिर्क्यांत किंवा सोयाच्या रसांत मुरविलेला, अथवा शिजविलेला असे. शिर्काहि महाग नव्हता. ओवारी प्रांतांतील हांदा येथें नाकानो माताझाएमोन यानें १८०४ सालीं मद्याच्या चोथ्यापासून शिर्का करण्याचा धंदा काढला होता, आणि तो तांबूस शिर्का जहाजांनीं एदोस येई. ज्या ट्यूनासाठीं आज मोठ्या रकमा मोजतात, तो त्या काळीं हलका मासा समजला जाई.

किमतीचा पुरावाहि आहे. कितागावा मोरिसादा या गृहस्थानें १८३७ पासून आपल्या काळच्या चालीरीतींची टिपणें ठेवलीं. एदोच्या दर मोहल्ल्यांत सुशीचीं एकदोन दुकानें होतीं, असें तो नमूद करतो. एका घासाला साधारणपणें ८ मोन पडत, अंड्याच्या गुंडाळीला सुमारें १६. त्या काळीं शेवयांसारख्या सोबाच्या वाटीला १६ मोन पडत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे सुशी कोणाच्या खिशासाठीं होती तें कळतें. पण लवकरच श्रीमंतांसाठीं भारी सुशी विकणारीं दुकानें निघालीं, आणि १८४१ ते १८४३ च्या काटकसरीच्या फर्मानांच्या काळांत अशा दुकानदारांना शिक्षाहि झाल्या. गाडी आणि पेढी यांतील अंतर तेव्हांपासूनचें आहे.

१९२३ च्या भूकंपानें तोक्यो उद्ध्वस्त झालें. तेथील कित्येक कारागीर आपापल्या गांवीं परतले आणि त्यांच्याबरोबर राजधानीची सुशी देशभर पसरली. मग युद्ध आलें आणि त्यामागून तांदळाची टंचाई. जुलै १९४७ मध्यें सरकारनें बहुतेक उपाहारगृहें बंद केलीं. त्या वेळीं तोक्योच्या सुशीवाल्यांच्या संघानें एक तोड काढली. आम्ही अन्न विकीत नाहीं, गिऱ्हाइकानें आणलेल्या तांदळावर मजुरी घेऊन काम करून देतों, अशी ती भूमिका होती. एक गो, म्हणजे सुमारें १५० ग्रॅम तांदूळ आणावा आणि दहा नग सुशी न्यावी. शिधा हातांत घेऊन दुकानाशीं उभी राहिलेली तीं माणसें डोळ्यांपुढें आणा. गल्लींतल्या दुकानांत एका माणसाची म्हणून जी थाळी मिळते, तिचें माप त्या टंचाईंत ठरलें.

अशा दुकानांत ‘साधी’, ‘चांगली’ आणि ‘खास’ अशा तीन प्रतींचे दर लिहिलेले असतात. घरीं मागविली तर गोल रोगणी भांड्यांतून सुशी येते. भांडें धुऊन दाराशीं ठेवावें, दुकानचा माणूस येऊन नेतो. याउलट मोठ्या पेढ्यांवर कित्येक माशांपुढें आंकडा नसतोच, ‘आजचा बाजारभाव’ एवढेंच लिहिलेलें असतें. ज्याला विचारावें लागतें, त्यानें तेथें न गेलेलें बरें.

हा विचारण्याचा संकोच दूर केला तो ओसाकाजवळच्या शिराइशी योशिआकी यांनीं. त्यांचें गिऱ्हाईक लहान कारखान्यांतील कामगारांचें. दर स्वस्त ठेवावयाचा तर वाढपी परवडत नव्हते. बीअरच्या कारखान्यांत पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना युक्ति सुचली, आणि १९५८ सालीं बशा स्वतःच गिऱ्हाइकापुढून फिरूं लागल्या. १९७० च्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनांत ती सुशी लोकांनीं पाहिली. १९७८ सालीं त्यांच्या हक्काची मुदत संपतांच इतरांनीं ती उचलली. १९८१ सालीं भाताचे घास वळणारें यंत्रहि सुझुमो कंपनीनें तयार केलें.

यांत कांहीं हरपलें, हें नाकारतां येणार नाहीं. वर्षानुवर्षें उमेदवारी केलेला हात यंत्राला येत नाहीं. मोठ्या साखळी-दुकानांपुढें गल्लींतल्या जुन्या, नांवानें ओळखणाऱ्या दुकानदारांची संख्या घटत गेली. आणि स्वस्ताईहि कायमची नसते; शंभर येनांची बशी ज्यांनीं रूढ केली, त्यांतील सर्वांत मोठ्या साखळीनेंहि २०२२ च्या ऑक्टोबरांत आपला सर्वांत खालचा दर वाढविला.

तरीहि सेन्किचीकडे परत वळून पाहूं. कथेंत तो प्रसंग पाहणारा एक श्रीमंत गृहस्थ पुढें त्याला पोटभर सुशी खाऊं घालतो. मुलाला वाटतें, हा देवच. पण त्या गृहस्थाच्या मनाला मात्र एक चमत्कारिक खिन्नता लागून राहते. ती कां, हें मला नेहमीं असें वाटतें: दयेनें एका दिवसाची भूक भागली, पण सहा सेनांचा दर जागच्या जागींच राहिला. फिरत्या पट्ट्यावरील बशीच्या रंगावरून तिची किंमत आधींच कळते. चार सेन खिशांत असलेला मुलगा तेथें चार सेनांचीच बशी उचलील. उचललेला घास त्याला परत ठेवावा लागणार नाहीं. कोणा दयाळू गृहस्थाची वाटहि त्याला पाहावी लागणार नाहीं. शेजारच्या साध्या, स्वस्त दुकानाचा मोठेपणा मला त्यांत दिसतो.